संग्रह आपला, आपल्यानंतर कोणाचा?

आपल्या करी रोड, लालबाग, परळच्या चाळींतून पोटमाळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक हमखास आढळते. कोणाच्या ट्रंकेत 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक, कोणाच्या ट्रंकेत शाहिरांच्या गाण्यांच्या वह्या, सभांची हँडबिले, दीक्षेच्या वेळचे फोटो. मालक हयात असेतो त्या ट्रंकेला हात लावण्याची कोणाची छाती नसते. तो गेला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पार पडला, की खोलीत जागा हवी म्हणून ट्रंक खाली उतरते आणि रद्दीवाला किलोवर भाव करतो. चाळी पाडून टॉवर उभे राहू लागल्यापासून तर खोली सोडण्याच्या घाईत असे किती कागद गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हे केवळ अडाणीपणामुळे घडते असे म्हणणाऱ्यांनी खुद्द बाबासाहेबांच्या कागदपत्रांची कथा आठवावी. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती ती बोट पाणतीराने बुडाली, तरी त्यांनी पुन्हा ग्रंथ जमवले आणि दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. त्या ग्रंथांचा मोठा भाग १९४६ साली स्थापन झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेला व विद्यार्थ्यांच्या हाती पडला. हस्तलिखितांचे मात्र तसे झाले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा मृत्युपत्र केलेले नव्हते. कायद्याचे निष्णात पंडित, घटनेचे शिल्पकार, पण स्वतःच्या कागदांची व्यवस्था करायला आयुष्य पुरले नाही. दिल्लीचे घर पुढे सुटले, त्या धावपळीत काही कागद उघड्यावर येऊन पावसात भिजले. उरलेले कोर्टाच्या ताब्यात व नंतर अॅडमिनिस्ट्रेटर जनरलच्या कचेरीत पेट्यांमध्ये बंद राहिले. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली प्रकाशन समिती नेमली, वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली पहिला खंड निघाला. पण पेट्यांतील अप्रकाशित लिखाण वारसांच्या संमतीनंतरच हाती आले आणि 'रिडल्स' वाचकांपुढे यायला १९८७ साल उजाडले. म्हणजे एकतीस वर्षे! त्यातही कित्येक प्रकरणे अपुरी, काही पानांचा पत्ताच नाही.

याउलट चांगदेव भवानराव खैरमोडे पाहा. बाबासाहेबांच्या चरित्रासाठी त्यांनी आयुष्यभर पत्रे, कात्रणे, टिपणे गोळा केली. ते १९७१ साली गेले. त्यांचा हा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि देशोदेशींच्या अभ्यासकांनी तो वापरला आहे. माझ्या मते, संग्रहाची किंमत तो कोणाच्या हाती पडतो यावर ठरते.

आता कायद्याचे थोडे. बँकेच्या काउंटरवर एक गैरसमज आम्हाला रोज भेटतो: "नॉमिनी लावलाय, मग काळजी कसली?" नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेण्याचा हक्क असलेला माणूस. मालक वारसच. बँकेतील ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच स्पष्ट केले. ट्रंकेला तर नॉमिनीसुद्धा लावता येत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो, नावात 'हिंदू' असले तरी तो बौद्धांनाही लागू आहे. पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. खोलीचे वा पैशाचे वाटे पडतात, पण 'जनता'च्या फायलीचे पाच वाटे कसे पाडायचे? पाच घरी पाच गठ्ठे गेले की फाइल संपली.

मृत्युपत्र करणे लोक समजतात तितके अवघड नाही. स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद व मराठी भाषा चालते. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा, त्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. ज्याला वस्तू द्यायची त्याला साक्षीदार करू नये, उगाच शंकेला जागा राहते. नोंदणी सक्तीची नाही, परंतु सब-रजिस्ट्रारकडे केलेली बरी. अंमलबजावणी करणाऱ्याचे नाव घालावे आणि तो आपल्याहून वयाने लहान असावा. आपले लोक नेमके समवयस्क मित्राचे नाव घालतात!

"माझी सर्व पुस्तके व कागद" एवढेच लिहून भागत नाही. यादी हवी: अंकाची तारीख, फोटोतील माणसांची नावे, गाणे कोणाचे, कोठे म्हटले. फोटोमागची नावे सांगणारा एकच माणूस घरात असतो आणि पुष्कळदा तोच आजारी असतो. विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या आजोबांजवळ बसून एवढे काम केले तरी पुष्कळ झाले.

संस्था निवडताना आधी विचारावे. न विचारता दान केलेले गठ्ठे संस्थेतही कोपऱ्यात पडून राहतात. सर रतन टाटांचा कलासंग्रह त्यांच्या पश्चात १९२१ साली मुंबईच्या म्युझियमला मिळाला, तर पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपला संग्रह १९७५ साली स्वतःच शासनाच्या स्वाधीन केला. आपल्यासारख्यांना केळकरांचा मार्ग सोयीचा वाटतो, कारण देणारा हयात असल्याने अटी समोरासमोर ठरतात: विकू नये, तुकडे करू नयेत, विद्यार्थ्यांना पाहू द्यावे. हे लेखी घ्यावे व पोच घ्यावी.

आणि तयार झालेले मृत्युपत्र एकट्याच्या नावावरील लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडायलाच कागदपत्रे लागतात, आणि तोवर ट्रंक माळ्यावरून खाली आलेली असते. एक प्रत अंमलबजावणी करणाऱ्याकडे द्यावी, एक घरी ठेवावी आणि ती कोठे आहे हे बायकोला व मुलींनाही सांगावे.