दिव्यांग मुलांची शाळा : कायदा दिल्लीचा, वर्ग चिखलीचा

दिव्यांग मूल घराजवळच्या साध्या शाळेत, इतर मुलांच्या बाकावर बसून शिकते, त्याला समावेशित शिक्षण म्हणतात. विशेष शाळेत ते त्याच्यासारख्याच मुलांबरोबर शिकते. यांपैकी कोणता रस्ता मुलाला मिळतो, हे त्याच्या व्यंगापेक्षा सरकारच्या धोरणावर अधिक अवलंबून असते.

महाराष्ट्रात विशेष शाळांची परंपरा जुनी आहे. पुण्यात अंधांची शाळा 1934 मध्ये निघाली, मुंबईत मूकबधिरांची त्याच्याही आधी. साध्या शाळेचे दार उघडण्याचा सरकारी प्रयत्न 1974 च्या केंद्रीय योजनेपासून सुरू झाला. 1995 च्या कायद्याने 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देऊ केले. शिक्षण हक्क कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित घटकात आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या साध्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला.

हा हक्क चिखलीपर्यंत पोहोचतो तो कागदांच्या वाटेने. इंद्रायणीकाठचे हे गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश आणि बिहारमधली कुटुंबे इथे राहायला आली. भाड्याची खोली बदलली की मुलाची शाळा बदलते, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र गावाकडच्या जिल्हा रुग्णालयाचे असते. म्हणून देशभर चालणारे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, अशा घराला खरोखर उपयोगी आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना तपासणीसाठी पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय गाठावे लागते. तपासणीला मूल नेणे म्हणजे आईवडिलांपैकी एकाचा खाडा, आणि रोजंदारीवरच्या घरात खाड्याचा हिशेब तिथल्या तिथे द्यावा लागतो.

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतील 25 टक्के राखीव जागांवर दिव्यांग मुलाला उत्पन्नाची अट न लावता प्रवेश मिळतो. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा देण्याचे बंधन उरले नाही. शहरात अशी शाळा जवळपास सगळीकडेच असते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा बदल रद्द केला. एका अधिसूचनेने दार बंद होते आणि एका निकालाने उघडते. मधले काही महिने ज्या मुलाचा पहिलीचा प्रवेश अडकला, त्याचे नुकसान कोणी मोजत नाही.

प्रवेशानंतरचा प्रश्न त्याहून अवघड आहे. वर्गात त्याला शिकवणार कोण? इटलीने हा प्रश्न आधी सोडवला. 1977 च्या कायद्याने तिथे वेगळे वर्ग बंद झाले आणि साध्या वर्गात साहाय्यक शिक्षक आला. तो एका मुलाचा सांभाळकर्ता नसतो, संपूर्ण वर्गाचा शिक्षक असतो. सगळे वेगळेपण या एका तरतुदीत आहे. अमेरिकेने 1975 मध्ये दुसरी वाट धरली. प्रत्येक दिव्यांग मुलासाठी लेखी वैयक्तिक आराखडा करायचा, आणि शाळेने तो पाळला नाही तर पालकांनी दाद मागायची. पालकाच्या हाती तिथे भक्कम कागद आहे; पण जादा खर्चाचा 40 टक्के वाटा उचलण्याचे वचन तिथल्या केंद्र सरकारने आजवर पाळलेले नाही. जर्मनीने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला, तरी शाळा हा प्रांतांचा विषय असल्याने विशेष शाळांचे जाळे बऱ्याच प्रांतांत टिकून आहे.

भारताने तो करार 2007 मध्येच मंजूर केला. पण इथे शिक्षक नेमणे कायद्याच्या मागे राहिले. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक बहुतेक कंत्राटी, आणि एकेकाकडे कित्येक शाळा. ब्रेल किंवा सांकेतिक भाषा जाणणारा माणूस आठवड्यातून एखाद्या दिवशी वर्गात डोकावला, तर उरलेले दिवस मूल नुसते बसून राहते. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्रमाण ठरवायला सांगितले आणि केंद्र सरकारने 2022 मध्ये ते जाहीर केले : प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे 15 मुलांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की पदे मंजूर करा आणि भरा.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, तर विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे आणि डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे. स्वतंत्र विभाग हे चांगलेच पाऊल आहे. तरीही विशेष शाळेत वाचायला शिकलेले मूल साध्या शाळेत यायचे, तर त्याला दोन विभागांची सीमा ओलांडावी लागते, आणि विशेष शाळेतला अनुभवी शिक्षक त्याच्याबरोबर येत नाही.

2012 च्या दुरुस्तीत तीव्र दिव्यांग मुलाला घरी शिकण्याचा पर्यायही आहे. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी तो आवश्यक आहे. पण तो निवडण्याचा हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे, शाळेचा नाही. मुख्याध्यापकांनी ‘याला घरीच शिकवा’ असे सुचवले, तर चिखलीतल्या आईवडिलांनी नकार लेखी मागावा. जवळच्या शाळेत बसण्याचा मुलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि तोंडी उत्तराने तो संपत नाही.