गतिमापकाचा प्रकाश आणि रात्रीची दृष्टी

देवळ्याहून चांदवडकडे जाताना भावडबारीचा घाट रात्री कांद्याने भरलेल्या गाडीसह ओलांडणाऱ्या चालकास समोरचा रस्ता आणि स्टिअरिंगमागील गतिमापक या दोहोंवर आळीपाळीने नजर ठेवावी लागत असल्यामुळे, त्या मापकाचा प्रकाश घरच्या घरी बदलू पाहणाऱ्याने शोभेपेक्षा दृष्टीचा विचार अधिक करणे इष्ट होय.

अंधारास पुरते सरावण्यास नेत्रपटलातील दंडपेशींना सुमारे 30 मिनिटे लागतात. या पेशी 507 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील व तांबड्यास जवळजवळ उदासीन असल्याने, प्रखर निळा दिवा ही कमावलेली दृष्टी हिरावून घेतो, तर मंद तांबडा ती बव्हंशी राखतो.

जुन्या तंतुदीपाच्या जागी एलईडी बसविण्याची तजवीज करताना काही खबरदारी जरूर आहे. एलईडीतून वीज एकाच दिशेने वाहते, सबब तयार दिवा न पेटल्यास तो उलटा बसवून पाहावा. तबकडीमागे हिरवा पडदा असल्यास तांबडा प्रकाश तेथेच शोषला जातो, म्हणून दिवा पडद्याशी जुळणाऱ्या रंगाचा निवडावा. सुटा एलईडी वापरावयाचा तर रोध अनिवार्य: इंजिन चालू असतानाच्या सुमारे 14 व्होल्टांतून पांढऱ्या एलईडीचे 3 वजा करून उरलेल्या 11 व्होल्टांस 0.02 अँपिअरने भागिले असता 550 ओहम येतात, आणि बाजारात मिळणारा 560 ओहमचा रोध त्यास पुरतो.

कामापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, मापकाचा काटा उपटू नये, आणि इशाऱ्याच्या दिव्यांचे रंग कदापि बदलू नयेत. कारण तेथील तांबडा रंग गाडी थांबविण्याचा हुकूम म्हणूनच नेमलेला असतो.