आरटीएक्स ३०६० की ४०६०: खानदेशी उन्हाळ्याचा हिशेब

एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड २०२१ चे, ४०६० हे २०२३ चे. जुन्यात १२ जीबी मेमरी, नव्यात ८ जीबीच. तरी बहुतेक गेममध्ये नवे पुढे राहते. मधल्या फ्रेम स्वतः रचणारी डीएलएसएस ३ ची सोयही दोहोंपैकी त्यातच आहे. जळगाव-धुळ्यात मात्र विजेचा आकडा आधी पाहावा: ३०६० ला १७० वॅट, ४०६० ला ११५. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना कार्डाचे पंखे गरम हवाच ओढतात, आणि फार तापलेली चिप स्वतःचा वेग कमी करते. भारी टेक्श्चरच्या काही गेमना ८ जीबी अपुरी पडते. तिथे ३०६० अजून टिकून आहे.