ऊन कुठे राहते?

पावसाळ्यात महाबळेश्वरी दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. वर्षाकाठी तेथे सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला २० किलोमीटरांवरील पाचगणीत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. घाट उतरून वाईस गेले की त्याहूनही पुष्कळ कमी.

असे का व्हावे? अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना थंड होतात, ढग होऊन बरसतात. माथा ओलांडून उतरताना तीच हवा तापते व ढग विरतात. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. म्हणूनच १९व्या शतकात इंग्रजांनी बारमाही वस्तीसाठी पाचगणी निवडली. पुढे क्षयरोग्यांची आरोग्यधामेही तेथे निघाली.

आमचे गाव घाटमाथ्यावर. आई कपडे चुलीच्या धगीवर वाळवते. आषाढात आजीचा दमा बळावतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून नव्या घराच्या जागेविषयी वडिलांनी मला विचारले. "पूर्वेला सरकू या," मी म्हणालो. "मग भात कुठं लावायचा?" त्यांनी विचारले. आमची खाचरे त्याच पावसावर पिकतात.

शेवटी गावातच दक्षिण उतारावरची मोकळी जागा ठरली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. निदान तेवढे चार महिने तरी आजीच्या अंथरुणावर ऊन येईल.