फजिती सांगायची कुणी?

इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तालुक्यात सोयाबीन काढणीला आलेले असताना पाऊस कोसळला, तर त्यात हसण्यासारखे काही नसते. हंगामाची कमाईच पाण्यात जाते. त्याच पावसात भर बाजारात कुणाची छत्री उलटी झाली, तर मात्र लोक हसतात आणि पुष्कळदा छत्रीवालाही हसतो. हा फरक जुनाच आहे. हास्याला कारण होणारा दोष वेदना किंवा विनाश घडवणारा नसावा, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१० मध्ये मांडलेला सिद्धान्तही तिथेच येतो: काहीतरी बिघडले आहे, पण त्यातून अपाय नाही, हे एकाच क्षणी जाणवले की हसू फुटते. प्रश्न असा, की अपाय नाही हे ठरवायचे कुणी? पाहणाऱ्याला जी गंमत वाटते, ती ज्याच्यावर गुदरली त्याला झोंबलेली असू शकते. म्हणून विनोद निकोप आहे की नाही, हे नुकसान किती झाले यावर जितके ठरते तितकेच ते कोण सांगतो यावर ठरते.

मराठीत याचा सर्वांत चांगला दाखला विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांचा. इंदूरसारखेच मराठी राजघराण्याचे संस्थान असलेल्या बडोद्यात त्यांनी नोकरी केली. ते पाली भाषेचे जाणकार होते. त्यांच्या कथांचा नायक चिमणराव मात्र साधा कारकून. लग्न जमवणे, प्रवास, पाहुणे, मुलांची आजारपणे यांत त्याचे बेत कोसळतात आणि त्याचा जोडीदार गुंड्याभाऊ मदतीला धावला की गोंधळ वाढतो. हे सगळे चिमणराव स्वतः, प्रथमपुरुषी सांगतो. ज्याची फजिती झाली तोच सांगतो आहे, त्यामुळे वाचक त्याला हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. १९७० च्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी साकारली, तेव्हाही प्रेक्षकांना ती घरच्यासारखीच वाटली.

असे स्वतःच्या फजितीवर हसण्यावर एक आक्षेप रास्त आहे: हसून सोडून द्यायची सवय लागली, की चुका सुधारायच्या राहून जातात. पण चूक सुधारण्याआधी ती कबूल व्हावी लागते, आणि कबुलीच्या वाटेत लाज आडवी येते. हसण्याने चूक लहान होत नाही, ती बोलण्याजोगी होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सुदाम्याचे पोहे’मधून रूढींचा पोकळपणा दाखवला तो हसवूनच. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या यांच्या उत्साही फजितीत वाचकाला स्वतःचे वागणे दिसले. दुसरा आक्षेप असा, की माणसे हतबलतेपोटीही स्वतःवर हसतात. हे खरे आहे. रस्त्यातल्या खड्ड्यात पडून हात मोडलेला माणूस विनोद करतो, म्हणून खड्डा बुजवण्याची जबाबदारी कुणाची टळत नाही. त्याचे हसणे हा त्याचा धीर आहे. जबाबदारी असलेल्याने तेच हसणे आपली सुटका म्हणून वापरले, तर तो अन्याय आहे. तेव्हा आपल्या फजितीवर हसण्याचा पहिला हक्क ज्याचा त्याचा. इतरांनी त्यात सामील व्हावे, पण त्याने बोलावल्यावर.