रेडिएटर पंख्याचे तापमान-नियंत्रण

रेडिएटर पंख्याचे तापमान-नियंत्रण म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनातील शीतक द्रव (कूलंट) ठरावीक तापमानाला पोहोचताच विजेवर चालणारा पंखा सुरू करणारी आणि द्रव पुरेसा निवल्यावर तो बंद करणारी व्यवस्था होय. पंखा चालू व बंद होण्याचे अंश चुकीचे निवडल्यास एक तर पंखा अकारण अखंड फिरतो, नाही तर इंजिन तापून हेड गॅस्केट जळते व ॲल्युमिनियमचे हेड वाकते.

पार्श्वभूमी

जुन्या गाड्यांत पंखा पाण्याच्या पंपाबरोबर पट्ट्यावर फिरत असे. मुंबईत कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी ही याच प्रकारातली. अशा पंख्यात एक विसंगती होती. वाहतुकीत अडकलेल्या गाडीला वाऱ्याची गरज सर्वाधिक, पण तेव्हा इंजिन मंद असल्याने पंखाही मंद. महामार्गावर समोरून भरपूर वारा येत असताना मात्र तो वेगाने फिरून शक्ती खाई. पुढे इंजिन आडवे बसविण्याची पद्धत रूढ झाली. भारतात १९८३ साली आलेली मारुती ८०० तशीच होती. आडव्या इंजिनाच्या पट्ट्यावरून समोरच्या रेडिएटरचा पंखा फिरविणे गैरसोयीचे असल्याने विजेचा पंखा आला, आणि त्याबरोबर तो केव्हा फिरावा हा प्रश्नही आला.

अंशांची निवड

या प्रश्नाचे उत्तर थर्मोस्टॅटपासून सुरू होते. इंजिन व रेडिएटर यांच्यामधली ही झडप आतले मेण वितळून प्रसरण पावले की उघडते. ८२° सेल्सियसची झडप त्या अंशाला उघडू लागते आणि सुमारे ९५° ला पूर्ण उघडते. झडप बंद असताना गरम द्रव रेडिएटरकडे जातच नाही, त्यामुळे त्या वेळी पंखा कितीही फिरला तरी इंजिन निवत नाही. म्हणून इंजिनातून बाहेर पडणाऱ्या द्रवाचे तापमान मोजत असल्यास पंखा बंद होण्याचा अंश झडप उघडू लागण्याच्या अंशापेक्षा वर हवा. ८२° च्या झडपेसोबत ७८° ला बंद होणारा स्विच बसविल्यास पंखा सहसा बंद होणारच नाही, कारण झडप द्रवाला तितके निवूच देत नाही. तिच्यासाठी सुमारे ९५° ला चालू व ९०° ला बंद ही जोडी योग्य ठरते. दोन अंशांमधले हे अंतर हेतुपुरस्सर ठेवलेले असते. ते नसल्यास पंखा क्षणोक्षणी चालू-बंद होऊन स्विचचे संपर्क जळतात.

वरची मर्यादा रेडिएटरचे झाकण ठरविते. ०.९ बार दाबाचे झाकण असल्यास साधे पाणीही सुमारे ११८° पर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल मिसळल्यास ही मर्यादा आणखी वाढते. झाकणाचे रबर खराब होऊन दाब टिकेनासा झाला, की साधे पाणी १०० अंशांच्या आसपास उकळू लागते आणि ९५° चा बिनचूक स्विचही अपुरा वाटतो. दोष अशा वेळी स्विचवर टाकला जातो, हे गॅरेजमध्ये नेहमी दिसते.

मोजण्याची जागा

एकच अंश सर्व जागी चालत नाही. रेडिएटरच्या खालच्या टाकीत द्रव निवून आलेला असतो, म्हणून तेथील स्विच कमी अंशाचा लागतो. रेडिएटरच्या जाळीत खोचण्याची सळई बसवायला सोपी, पण ती केवळ आसपासच्या जाळीचे तापमान सांगते. रेडिएटरवरील कोणत्याही स्विचची मर्यादा अशी की थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्यास इंजिन उकळत असतानाही रेडिएटर थंड राहतो व पंखा स्तब्ध. द्रवाची पातळी घटून संवेदक उघडा पडल्यासही तो खोटे तापमान दाखवू शकतो.

जोडणी

पंख्याची मोटर १० अँपिअरहून अधिक आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट प्रवाह घेते. म्हणून लहान स्विचने केवळ रिले चालवावा व मोटरला बॅटरीपासून फ्यूजमार्गे स्वतंत्र जाड तार द्यावी. आधुनिक गाड्यांत स्विचऐवजी थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो आणि त्यावरून इंजिनाचा संगणक पंखा चालवितो. संवेदकाची तार तुटल्याचे कळल्यास बहुतेक गाड्यांत तो पंखा सतत चालू ठेवतो. वातानुकूलन सुरू असताना कंडेन्सरसाठी पंखा थंड इंजिनावरही फिरतो. तो बिघाड नव्हे.

रूढ चुका

स्विच बिघडल्यावर पंखा 'डायरेक्ट' जोडून देणे किंवा थर्मोस्टॅटच काढून टाकणे हे उपाय आपल्याकडे सर्रास केले जातात. घाटात अडकलेल्या गाडीला पहिला उपाय घरापर्यंत पोहोचवील, पण कायम ठेवल्यास मोटर लवकर झिजते. दुसरा अधिक घातक. इंजिन योग्य तापमानाला येण्यास फार वेळ लागतो, इंधन जास्त जळते आणि थंड तेलामुळे झीज वाढते.

काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही साठलेल्या उष्णतेमुळे पंखा आपोआप सुरू होतो. त्यामुळे बॉनेट उघडून काम करताना आधी पंख्याच्या मोटरची जोडणी सोडवितात, आणि रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण निवल्याशिवाय उघडत नाहीत.