रानातला केर आणि रानातली माणसे

स्वच्छता हा विषय कोल्हापूरकरांना नवा नाही. पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्याच्या काठावर आणि पुराचे पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या गल्लीबोळांत खराटा घेऊन उतरलेली माणसे ह्या शहराने अनेकदा पाहिली आहेत. 2019 च्या महापुरानंतर तालमींनी आणि तरुण मंडळांनी उपसलेला गाळ लोकांच्या स्मरणात आहे. तेव्हा स्वच्छता करावी की नाही, असा वाद येथे घालावयाचा नाही. आजचा प्रश्न थोडा निराळा आणि थोडा अवघड आहे. शहरालगतच्या रानात, टेकडीच्या उतारावर किंवा एखाद्या मोठ्या उद्यानाच्या मागच्या झाडीत कधीकधी असा केर सापडतो, की तो कोणाचा हे बोलायलाही कोणी तयार नसतो. तो केर कोणी उचलावा, कसा उचलावा आणि कोणत्या भावनेने उचलावा, एवढाच विचार येथे करू या.

प्रथम विषय स्पष्ट शब्दांत मांडतो. ज्या पुरुषांना पुरुषांचेच आकर्षण असते, त्यांना आपण समलिंगी पुरुष म्हणतो. जगातील बहुतेक मोठ्या शहरांत अशा पुरुषांच्या भेटीच्या काही जागा असतात. कोठे एखादे उद्यान, कोठे समुद्राचा किनारा, कोठे गावाबाहेरचे रान. जोडीदाराच्या शोधात अशा जागी फेऱ्या मारणे ह्याला ‘क्रूझिंग’ म्हणतात, आणि आपल्याकडेही तोच शब्द रूढ झाला आहे. हा विषय मराठीत बोलण्याजोगा नाही असे कोणास वाटत असेल, तर त्यांनी र. धों. कर्वे यांचे स्मरण करावे. 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आक्षेप घेतलेल्या मजकुरात समलिंगी संबंधांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही होती. खटला हरला आणि दंड झाला. पण आरोग्याचा प्रश्न लाजेखाली झाकून ठेवला तर तो चिघळतो, हा त्यांचा आग्रह आज कोणी खोडून काढीत नाही.

आता, माणसे रानात का जातात? ह्याचे पहिले उत्तर अगदी साधे आहे. त्यांना खोली नसते. दोन खोल्यांत आईवडील, भाऊ-भावजय आणि मुले राहतात. वसतिगृहात चारजणांत एक खोली असते. लॉजवर ओळखपत्र दाखवावे लागते आणि गाव लहान असते. रंकाळ्याच्या काठी बसलेली तरुण-तरुणींची जोडपीही ह्याच अडचणीतून तेथे आलेली असतात. फरक इतकाच, की त्यांच्या लग्नाची बोलणी पुढेमागे होऊ शकतात, आणि ह्या पुरुषांना आपले मन घरात उघडही करता येत नाही. कित्येकांची लग्ने घरच्यांनी लावून दिलेली असतात. मोबाइलवरच्या ॲपांनी ओळखी होणे सोपे झाले, तरी जागेची अडचण जिथल्या तिथे राहिली.

दुसरे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील 377 व्या कलमाने असे संबंध गुन्हा ठरविले होते. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील सेंट्रल पार्कातून पोलिसांनी केवळ संशयावरून काही पुरुषांना पकडले, म्हणून 11 ऑगस्ट 1992 रोजी पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने झाली. समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी भारतात झालेली ही पहिली ज्ञात निदर्शने, आणि त्यांचे कारण एक सार्वजनिक बाग हेच होते. जुलै 2001 मध्ये लखनौत एड्सप्रतिबंधाचे काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना ह्याच कलमाखाली अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ त्यांना कोठडीत काढावा लागला. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते हे कलम रद्द ठरविले, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. मात्र एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. तो निकाल खाजगीतील संबंधांविषयी आहे. सार्वजनिक जागी लोकांना उपद्रव होईल असे अश्लील वर्तन स्त्री-पुरुषांना जसे कायद्याने वर्ज्य आहे, तसेच ते दोन पुरुषांनाही आहे. त्याची भलामण करण्याचा येथे हेतू नाही.

हा सगळा इतिहास केराच्या विषयात कशाला, असे कोणी विचारील. त्याचा संबंध फार जवळचा आहे. ज्या माणसाला कोणत्याही क्षणी बॅटरीचा झोत अंगावर येईल अशी धास्ती असते, तो वापरलेला निरोध कागदात गुंडाळून खिशात ठेवीत नाही. खिशात सापडलेली वस्तू आपल्याविरुद्ध पुरावा होईल, अशी त्याला भीती असते. तो हातातले टाकून अंधारात निघून जातो. शिवाय त्या जागेशी त्याचे नाते चोरट्यासारखे असते. ती आपली आहे असे त्याला कधी वाटतच नाही, आणि जी जागा आपली वाटत नाही तिची काळजी कोणी घेत नाही. निष्काळजीपणा हेही एक कारण आहेच, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. दारूच्या बाटल्या आणि पत्रावळी टाकून जाणारी सहलीची मंडळी काही कोणाला घाबरत नाहीत, तरी कचरा करतातच. परंतु ह्या विशिष्ट केरामागे भीतीचा वाटा मोठा आहे, हे लक्षात घेतल्यावाचून उपाय सापडणार नाही.

आता त्या केराचे स्वरूप पाहू. त्यात प्रामुख्याने चार वस्तू असतात: निरोध, त्यांची पाकिटे, कागदी वा ओले रुमाल, आणि बाटल्या. निरोध बहुधा रबराच्या चिकापासून बनतो. तो मातीत कुजतो खरा, पण फार सावकाश. त्याचे चकचकीत पाकीट प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पदर एकत्र चिकटवून केलेले असते. ते कुजतही नाही आणि भंगारात कोणी घेतही नाही. कागदी रुमाल एका पावसाळ्यात मातीत मिसळतो, तर ओल्या रुमालांत पुष्कळदा प्लॅस्टिकचे धागे असतात आणि ते तसेच राहतात. पाऊस सुरू झाला की हे सर्व ओढ्यांत उतरते. कोल्हापुरात ओढ्याचे पाणी जयंती नाल्यासारख्या वाटेने पंचगंगेला मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे रानातला केर रानात राहत नाही.

ह्या प्रकारच्या जागेचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर मास्पालोमास येथे वाळूच्या टेकड्यांचे एक संरक्षित क्षेत्र आहे. तेथे पर्यटकांत क्रूझिंग फार चालते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांना अशा वापराच्या 298 जागा आढळल्या. त्यांचे एकूण क्षेत्र 5,700 चौरस मीटरांहून अधिक भरले. झुडपे तुडविली व तोडली गेली होती आणि केर साचला होता. संशोधकांनी नुकसान स्वच्छपणे नोंदविले. तथापि त्या लोकांना हुसकून लावा असे म्हटले नाही. आपल्या वागण्याने काय बिघडते हे त्यांना कळावे, अशी त्यांची भूमिका होती. हा समतोल आपणही घेण्याजोगा आहे.

आपल्याकडे अशा जागेवर साधारणतः दोन उपाय सुचविले जातात. पहिला, धाडी घालणे आणि झाडोरा साफ तोडून दिवे लावणे. ह्याने माणसे नाहीशी होत नाहीत. ती आणखी निर्जन, आणखी धोक्याच्या जागी जातात, आणि लुबाडणाऱ्यांच्या तावडीत सापडतात. झाडोरा मात्र कायमचा जातो. बुलबुल आणि सातभाई यांची घरटी त्या झुडपांतच असतात, आणि उतारावरची माती त्यांच्याच मुळांनी धरून ठेवलेली असते. केर काढण्यासाठी रानच काढणे हा काही शहाणपणा नव्हे. दुसरा उपाय म्हणजे तिकडे पाहायचेच नाही. मग शेवटी तो केर महापालिकेच्या सफाई कामगाराच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती, हातमोज्यांवाचून, येतो.

तिसरा मार्ग काही ठिकाणी चालू आहे. लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेड हीथ नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. 1871 च्या कायद्याने ते लोकांसाठी मोकळे राखले गेले आणि 1989 पासून त्याची व्यवस्था सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन पाहते. त्याच्या पश्चिमेकडील झाडी समलिंगी पुरुषांच्या भेटीची जागा म्हणून अनेक वर्षे प्रसिद्ध आहे. तेथे स्वयंसेवक केर वेचतात, आणि त्यांत शेजारच्या रहिवाशांप्रमाणे समलिंगी पुरुषही असतात. जे त्या जागेचा वापर करतात त्यांनीच तिची निगा राखावी, आणि इतरांनी त्यांना तसे करू द्यावे, हे त्यातले तत्त्व आहे.

असे काम येथे करावयाचे झाल्यास काही पथ्ये पाळली पाहिजेत. काम दिवसाउजेडी, पूर्वी कळवून करावे. अचानक टोळीने शिरणे हे धाडीसारखेच होते. छायाचित्रे मुळीच घेऊ नयेत. स्वच्छतेची छायाचित्रे काढून लगेच सर्वांना पाठविण्याची आपल्याला सवय जडली आहे. परंतु येथे एका चित्राने एखाद्याचे घर मोडू शकते. तेथे कोणी आढळल्यास नाव-गाव विचारू नये. पायांत बूट, हातांत जाड मोजे व लांब चिमटा असावा, आणि पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने चाचपावे. आपल्याकडच्या रानात घोणस आणि फुरसे असतात. काच व सुया जाड डब्यात ठेवाव्यात आणि भरलेली पिशवी हाताने दाबू नये. टाकलेल्या निरोधाला चिमट्याने उचलल्याने एड्सचा विषाणू लागत नाही. काविळीचा ‘ब’ विषाणू मात्र शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरू शकतो, म्हणून मोजे आवश्यक आणि त्याची लस घेतलेली बरी.

उचललेला केर वेगळा करून देणे हेही कामाचेच अंग आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी निरोधाचा समावेश लहान मुलांचे लंगोट व सॅनिटरी पॅड यांच्याबरोबर एकाच वर्गात केला, आणि हा कचरा गुंडाळून वेगळा द्यावा असे सांगितले. पुण्यातील कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढून देण्याची मोहीम चालविली; हेतू हा, की पुढे ते हाताळणाऱ्या व्यक्तीला आधीच कळावे. तीच रीत येथे वापरावी. आणि रानाच्या तोंडाशी झाकणाची एक पेटी ठेवावी, म्हणजे पुढचा केर निम्मा तेथेच थांबेल.

ह्या सर्वांत एक गोष्ट विशेष जपली पाहिजे. रानात निरोध सापडला म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी क्षणभर विचार करावा. 1968 साली सरकारने ‘निरोध’ स्वस्त दरात विकण्यास आरंभ केला तो कुटुंबनियोजनासाठी. पुढे एड्सच्या साथीत त्याच वस्तूने असंख्य जीव वाचविले. आपल्या शेजारी सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने 1992 पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये हे काम उभे केले, आणि ‘मुस्कान’ ह्या संघटनेने ते पुरुष व तृतीयपंथी लोकांपर्यंत नेले. जमिनीवर पडलेला निरोध हा केर खरा, पण तो वापरला गेला ही चांगली बातमी आहे. स्वच्छतेच्या नावाने आपण त्या लोकांना इतके भेडसावले की ते निरोध जवळ बाळगीनासे झाले, तर रान स्वच्छ दिसेल आणि रोग घराघरांत जाईल. त्या घरांत त्यांच्या पत्नीही आहेत.

दुसऱ्याची घाण उचलणे हे महाराष्ट्रात कमीपणाचे मानले गेले, आणि ते काम जन्माने ठरलेल्या लोकांच्या माथी मारले गेले. त्याविरुद्ध आचरणाने उभे राहिलेली माणसेही येथेच झाली. गाडगे महाराज गावात शिरताच आधी हाती झाडू घेत. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण केले. आणि ह्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या दुकानातला चहा सर्वांसमक्ष घेतला. सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न ह्या शहराला शंभर वर्षांपूर्वीच पडला होता आणि त्याचे उत्तरही त्याने दिले होते. जागा सर्वांची असेल तर तिच्या निगेचा भारही सर्वांचा आहे, आणि ज्यांना आजवर तेथून फक्त पळावे लागले त्यांनाही त्या निगेत वाटा मिळाला पाहिजे.

वळवाचे दिवस जवळ आले आहेत. पहिला मोठा पाऊस पडला की रानातला केर ओढ्याला लागेल, आणि मग तो वेचता येणार नाही. ज्या मंडळांना हे काम करावेसे वाटते त्यांनी ते त्याआधी करावे. चार चिमटे, चार जोड मोजे, एक डबा आणि तोंडावर थोडा ताबा, एवढे साहित्य त्याला पुरते.